‘पाणी आहे’ की ‘पाणी असतं’? : वाळवंटी डोंगरांतली गाईडबुकं वाचताना

गाईडबुक हा आपल्या अभ्यासक्रमात कधीच न येणारा प्रकार. प्रवासवर्णन येतं, गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ येतो. पण ‘ओढ्याच्या काठाने अर्धा तास चाला, मग डावीकडची घळ धरा’ असं सांगणाऱ्या पुस्तकाकडे कुणी वाङ्मय म्हणून बघत नाही. मला वाटतं, बघायला हवं, आणि ते त्याचं कौतुक करायला नव्हे. कादंबरीतलं वाक्य चुकीचं वाचलं तर फार तर परीक्षेत मार्क जातात. निर्जन वाळवंटी डोंगरात गाईडबुकातलं एखादं वाक्य चुकीचं वाचलं तर माणूस जाऊ शकतो. इतकी जबाबदारी दुसऱ्या कुठल्या गद्यावर असते?

उदाहरणासाठी मी मुख्यतः दक्षिण सीनायचे डोंगर घेतले आहेत (वर्तमानपत्रं ‘सिनाई’ लिहितात, मराठी बायबलात ‘सीनाय’ आहे, मी तेच ठेवते), आणि थोडंसं जॉर्डनमधलं वादी रम. मी तिथे गेलेली नाही. तेव्हा हा लेख वाटेचा नाही, वाटेबद्दलच्या वाक्यांचा आहे.

सुरुवात फार जुन्या पुस्तकापासून करू. इ.स. ३८१ ते ३८४ च्या दरम्यान एगेरिया नावाची एक ख्रिस्ती बाई, बहुधा स्पेन किंवा गॉलमधून, पवित्र भूमीच्या यात्रेला गेली. मागे राहिलेल्या आपल्या भगिनींसाठी तिने लॅटिनमध्ये सगळा प्रवास लिहून काढला. त्याची अकराव्या शतकातली एक नक्कल इटलीतल्या अरेत्सो गावात १८८४ मध्ये गामुर्रीनी या अभ्यासकाला सापडली. नकलेची सुरुवातीची आणि शेवटची पानं गहाळ आहेत. त्यामुळे मजकूर आपल्या हाती येतो तेव्हा बाई मोशेच्या डोंगराजवळ पोचलेलीच असते. घर, बोट, सामान, निरोपानिरोपी काही नाही, एकदम डोंगरच समोर.

ती काय सांगते बघा. लांबून तो एकच डोंगर वाटतो, पण आत शिरलं की कळतं, हा अनेक डोंगरांचा जुडगा आहे. चढण गोल गोल वळणं घेत हळूहळू वर जात नाही, भिंतीवर चढावं तशी सरळ उभी जाते, आणि एकेक डोंगर तसाच सरळ उतरून पुढच्याला लागावं लागतं. जनावरावर बसून जाता येत नाही, पायीच जायचं. शनिवारी संध्याकाळी पायथ्याशी साधूंकडे मुक्काम, रविवारी सकाळी चढायला सुरुवात, दिवसाच्या चौथ्या तासाला, म्हणजे आपल्या हिशोबाने दहाच्या सुमाराला, माथ्यावर. जमीन कशी, चढ कसा, वाहन चालतं का, रात्र कुठे काढायची, वेळ किती लागतो! गाईडबुकात जे जे लागतं ते सगळं आलं. शिवाय प्रत्येक जागी थांबून त्या जागेचा शास्त्रपाठ वाचायचा तिचा नेम होता, म्हणजे एका हातात निर्गमाचं पुस्तक आहेच.

आपल्याकडे याच्या जवळचा ग्रंथ शोधायचा तर महानुभावांची ‘स्थानपोथी’ आठवते. चक्रधरस्वामी जिथे राहिले, बसले, त्या जागा गावागणिक नोंदलेल्या. देवळाचं तोंड कुठे, त्याच्या कोणत्या बाजूला ते स्थान. मागून येणाऱ्याला नेमकी तीच जागा सापडली पाहिजे, ही एकच तळमळ. एगेरियाची तळमळही तीच. (सीनायचा प्रसंग मराठीत फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’तही आहे, १६१६ चं पुस्तक. पण स्टीफन्सने तो डोंगर बायबलातून घेतला, चालून नव्हे. त्यावर भरवसा ठेवून कुणी चढणारही नव्हतं.)

आता गंमत अशी, की हीच एगेरिया माथ्यावरून काय काय दिसलं ते सांगताना मिसर, पॅलेस्टाईन, तांबडा समुद्र आणि त्यासोबत भूमध्य समुद्रसुद्धा दिसल्याचं सांगते. जेबेल मूसाची उंची २,२८५ मीटर. एवढ्या उंचीवरून क्षितिज साधारण १७० किलोमीटरवर पडतं. भूमध्य समुद्राचा किनारा तिथून उत्तरेला अडीचशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. म्हणजे दिसणं शक्य नाही. मग ती खोटं बोलते का? नाही. माथ्यावर तिच्यासोबत साधू होते आणि एकेक दिशा तेच दाखवत होते. त्यांनी हात केला, तिने पाहिलं, आणि त्यांचं सांगणं तिच्या डोळ्यांत शिरलं. खालच्या मैदानाची लांबी ती सोळा मैल सांगते. प्रत्यक्षातलं अर-राहाचं मैदान त्याहून पुष्कळ लहान आहे. पण तिथे तिचं क्रियापद सावध आहे: इतकं आहे असं ते सांगत होते, अशा अर्थाचं.

मराठीत आपण त्याला काय म्हणू? ‘मैदान सोळा मैल लांब आहे म्हणे.’

हा ‘म्हणे’ मला या सगळ्या अभ्यासाची किल्ली वाटतो. चांगल्या गाईडबुकातही प्रत्येक पानावर दोन प्रकारची वाक्यं मिसळलेली असतात: लेखकाच्या पायांनी लिहिलेली आणि त्याच्या कानांनी लिहिलेली. इंग्रजी छापील पानावर दोन्ही एकाच ठसठशीत स्वरात येतात. मराठीत आणायला गेलं की मात्र आपल्याला निवड करावी लागते. म्हणून माझी पद्धत अशी आहे: गाईडबुकातला वाटेचा मजकूर मनातल्या मनात मराठीत आणायचा आणि प्रत्येक क्रियापदापाशी अडायचं. ‘तिथे पाणी आहे’ असं इंग्रजीत सरळ लिहिलेलं असतं. त्याचं मराठी ‘पाणी आहे’ करायचं, ‘पाणी असतं’ करायचं, ‘पाणी असेल’ करायचं, की ‘पाणी आहे म्हणे’? लेखकाने पाहिलं त्या दिवशी होतं, की बारा महिने असतं, की पावसानंतर काही आठवडे असतं? उत्तर पुस्तकात मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर ते वाक्य ‘म्हणे’च्या खात्यात टाकायचं आणि पाठीवरचं पाणी त्या हिशोबाने घ्यायचं.

हा हिशोब काही शाब्दिक नाही. थंडीच्या दिवसांतही डोंगरात दिवसभर चालणाऱ्याला चार-पाच लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाच लिटर म्हणजे पाच किलो. तीन दिवसांचं घ्यायचं तर पंधरा किलो नुसतं पाणीच, वर जेवण, कपडे, स्लीपिंग बॅग. म्हणून लोक पुस्तकातल्या विहिरींवर विसंबून कमी पाणी घेतात, आणि ते चूकही नाही, तसं केल्याशिवाय लांबचा ट्रेक होतच नाही. पण त्यामुळेच ‘दुसऱ्या दिवशी दुपारी विहीर लागते’ या एका वाक्याचं वजन पाच ते दहा किलो आहे.

आपल्यातले पुष्कळजण चोर्ल्याच्या, आंबोलीच्या डोंगरांत जातात. तिथे पुस्तक चुकलं तरी सहसा काय होतं? तासाभरात एखादा गुराखी भेटतो, धनगरवाडा लागतो, नाहीतर निदान झाडाची सावली तरी मिळते. सह्याद्री चुकीला माफ करतो असं नाही, पण चूक सुधारायला वेळ देतो. दक्षिण सीनायचे ग्रॅनाइटचे डोंगर उघडेबोडके आहेत. माती नाही, गवत नाही, त्यामुळे माणसांच्या जाण्यायेण्याने वाट ‘मळलेली’ दिसावी अशी जमीनच पुष्कळ ठिकाणी नाही. आणि हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो, बर्फही पडतो. वाळवंट म्हटलं की आपल्या डोक्यात फक्त ऊन येतं, तेव्हा हेही सांगून ठेवते.

एगेरियाला वाटेत साधूंनी आपल्या मळ्यांतली फळं प्रसाद म्हणून दिली होती. आज त्याच भागात जबालिया टोळीच्या बेदुइनांच्या बागा आहेत: दगडी कुंपण, आत बदाम, जर्दाळू, डाळिंब, ऑलिव्ह, आणि विहीर. सोळाशे वर्षांनंतरही डोंगरातल्या पाण्याचा पत्ता असा बागेच्या पत्त्याशी बांधलेला आहे. गाईडबुकात ‘बागेत विहीर’ असं वाचलं की लगेच पुढचे प्रश्न यायला हवेत. बाग कुणाची? मालक सध्या तिथे राहतो की मोसमात येतो? बादली-दोरी विहिरीवर असते की आपण न्यायची? वाक्य पाण्याचं दिसतं, पण ते खरं तर माणसाचं आहे.

वाक्यं जुनी होण्याचा वेगही सारखा नसतो. डोंगराची धार, खिंड, कड्याचा आकार याबद्दलची वाक्यं शेकडो वर्षं टिकतात. ‘लांबून एक, आतून अनेक’ हे एगेरियाचं निरीक्षण आजही घेऊन जावं. वाटेबद्दलची वाक्यं त्याहून लवकर बदलतात: तिची भिंतीसारखी चढण आता तशीच राहिलेली नाही, मठाच्या मागून सुमारे ३,७५० दगडी पायऱ्या आहेत, आणि एकोणिसाव्या शतकात अब्बास पाशाने केलेली उंटांची रुंद वाट वेगळी आहे. पाण्याबद्दलची वाक्यं एका दुष्काळात शिळी होतात. परवाना, भाडं, चेकपोस्ट, दुकान यांबद्दलची तर छापखान्यातून बाहेर येईपर्यंत. बेन हॉफ्लर यांचं सीनायच्या ट्रेकिंगवरचं सविस्तर इंग्रजी पुस्तक २०१३ मध्ये आलं. त्यातल्या खिंडी आजही जिथल्या तिथे आहेत. त्यातल्या टॅक्सीच्या भाड्यावर कुणी भांडायला जाऊ नये, एवढंच.

जुन्या झालेल्या वाक्याचं काय करायचं, याचा उत्तम नमुना पुन्हा एगेरियाच देते. नबो डोंगरावरून तिला लोटाच्या बायकोचा मिठाचा खांब जिथे होता ती जागा दाखवली गेली. ती लिहिते, जागा पाहिली, खांब काही दिसला नाही, तुम्हाला फसवायचं नाही. सोअरच्या बिशपांनी तिला सांगितलं की खांब दिसेनासा होऊन काही वर्षं झाली. भाविक बाई, एवढ्या लांबून आलेली, घरच्यांना छान काहीतरी सांगायचा मोह किती असेल! आणि तरी ‘दिसला’ लिहिलं नाही. भूमध्य समुद्राची उणीव मी तिला या एका जागेसाठी माफ करते. आजच्या पुस्तकात ‘आम्ही गेलो तेव्हा डोह कोरडा होता’ असं वाक्य दिसलं की त्या लेखकावरचा माझा विश्वास दुप्पट होतो. ज्या पुस्तकात सगळे झरे वाहते आहेत, त्या पुस्तकाला मी भिते.

आता वेळ आणि अंतर. १८३८ मध्ये एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन बायबल-अभ्यासक आपला सहकारी ईलाय स्मिथ याच्यासह सीनायमधून गेला. होकायंत्र आणि घड्याळ हाताशी. इतके वाजता निघालो, अमुक दिशेने इतकी मिनिटं, अशा नोंदी तो ठेवत गेला. अंतर उंटाच्या चालीने मोजलेलं. मोजमाप काटेकोर, पण एकक उंट! आजही गाईडबुकात ‘तीन तास’ लिहिलेलं असतं तेव्हा ते लेखकाच्या पायांचे तीन तास असतात. तो गिर्यारोहक असेल तर आपले पाच. म्हणून पहिल्या दिवशी सोपी, छोटी वाट घ्यावी आणि पुस्तकाचा वेळ व आपला वेळ यांचा भागाकार करावा. तो आकडा पुढच्या सगळ्या पानांना लावायचा. विशेषणांचंही तेच. ‘सोपी’ हे विशेषण एकटं फिरूच शकत नाही, कुणाला सोपी ते विचारायलाच हवं.

वादी रमचं उदाहरण इथे बोलकं आहे. तिथले वालुकाश्माचे कडे स्थानिक बेदुइन शिकारी पिढ्यानपिढ्या दोराशिवाय चढत आले. जेबेल रमच्या माथ्यावर नोव्हेंबर १९५२ मध्ये शार्मियन लाँगस्टाफ आणि सिल्विया ब्रॅनफर्ड या दोन इंग्रज स्त्रिया गेल्या, युरोपियनांची ती पहिली नोंदलेली चढाई. त्यांना नेणारा होता शेख हमदान. १९८४ पासून टोनी हॉवर्ड आणि त्याच्या साथीदारांनी या वाटा पायाखाली घालून पुस्तकात आणल्या, आणि त्यांतली एक मुख्य वाट आजही शेख हमदानच्या नावाने ओळखली जाते. अशा वाटेपुढे गिर्यारोहणाच्या श्रेणीचा छोटासा आकडा असतो. आकडा लहान म्हणून वाट सोपी असं वाचणं धोक्याचं. लहान हालचाल, पण खाली शंभर मीटर हवा! लहानपणापासून त्या दगडावर वाढलेल्या माणसाची ती वाट आहे. पावसात भिजलेला वालुकाश्म ठिसूळ होतो, हातातला दगड निघून येतो. हे त्या शिकाऱ्याला कुणी लिहून द्यावं लागत नव्हतं, आपल्याला लागतं.

पावसाचा विषय निघालाच आहे तर पुस्तकातला ऋतूंचा धडा आधी वाचा. बहुतेकजण थेट वाटेच्या पानावर उडी मारतात. ‘वादीच्या पात्रात सपाट वाळू, मुक्कामाला छान जागा’ हे वाक्य कोरड्या दिवसाचं आहे. वर कुठेतरी लांबच्या डोंगरावर पाऊस झाला, की उघड्या खडकावरून सगळं पाणी त्याच पात्रात लोंढ्याने येतं. तुमच्या डोक्यावर तेव्हा चांदणं असू शकतं. त्या वाक्याच्या मागे ‘पण’ लपलेला आहे, आणि तो ऋतूंच्या धड्यात छापलेला असतो.

नावांचा घोळ तर आपल्यासारख्या भाषेच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. १८६८-६९ मध्ये ब्रिटिशांनी सीनायची शास्त्रशुद्ध मोजणी केली, तेव्हा बेदुइनांकडून जागांची खरी नावं मिळवण्याचं काम एडवर्ड हेन्री पामर या अरबीच्या पंडिताकडे होतं. मोजणीच्या तुकडीत एक भाषेचा माणूस मुद्दाम ठेवावा लागला, ही गोष्ट मला फार आवडली. कारण अरबी नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये गेलं की त्याचं काय होईल सांगता येत नाही. आपल्या मुंबईत शीवेचं ‘सायन’ झालं आणि बायबलमधल्या डोंगराला गाठ घालून बसलं! सीनायमध्ये ‘डोंगर’ हा शब्द बेदुइनाच्या तोंडी ‘जेबेल’, कैरोहून आलेल्या ड्रायव्हरच्या तोंडी ‘गबल’. खिंडीला लिखित अरबीत ‘नक्ब’, बेदुइन ‘नग्ब’ म्हणेल. पुस्तकातलं स्पेलिंग वाचून आपण तिसरंच काहीतरी म्हणतो, आणि समोरचा सभ्यपणे मान डोलावतो. त्या मान डोलावण्याला ‘हो’ समजू नये. नाव विचारण्यापेक्षा ‘या खिंडीपलीकडे काय लागतं?’ असं विचारावं, म्हणजे दोघं एकाच जागेबद्दल बोलतोय का ते कळतं. उत्तर पुस्तकाशी जुळलं तर पुढे.

विचारायचं कुणाला, तर अर्थात बेदुइन वाटाड्याला. दक्षिण सीनायच्या डोंगरांत तो सोबत असावाच लागतो, आणि नियम नसता तरी असावा असं माझं मत आहे. काहींना हे गाईडबुकाचं अपयश वाटतं: वाटाड्याच घ्यायचा तर पुस्तक कशाला? पण पुस्तक वाचलेला माणूस वाटाड्याला चांगले प्रश्न विचारू शकतो. कोणता डोह यंदा भरलाय? या वाटेऐवजी पलीकडची का नको? पुस्तकात लिहिलेली बाग अजून राबती आहे का? न वाचलेला माणूस नुसता मागून चालतो, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला कळतं की आपण कुठून आलो हे आपल्याला सांगताच येत नाही. वाटाड्याचा पाय मुरगळला तर काय, हा प्रश्न त्याच्या मनात तेव्हा पहिल्यांदा येतो. म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी चहाच्या वेळी नकाशा आणि पुस्तक दोन्ही उघडावं, वाटाड्यासमोर एकेक मुक्काम वाचावा आणि त्याने सांगितलेलं पेन्सिलीने समासात लिहावं, तारीख घालून. फोनवर तिथे विसंबू नये, घळीत रेंज नसते आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते.

२०१५ मध्ये तिथल्या तीन बेदुइन टोळ्यांनी मिळून ‘सीनाय ट्रेल’ सुरू केली, तेव्हा ती २२० किलोमीटरची होती. २०१८ मध्ये आठ टोळ्या मिळून ती ५५० किलोमीटरची झाली. तिची रचना अशी, की एका टोळीची हद्द संपली की तिचा वाटाड्या थांबतो आणि पुढच्या टोळीचा माणूस आपल्याला ताब्यात घेतो. समासातल्या नोंदी तेव्हा त्याला वाचून दाखवाव्या. आधीच्या वाटाड्याने ‘पाणी आहे’ म्हटलेल्या दोन-तीन ठिकाणी तो बहुधा थांबेल आणि विचारेल, कधी पाहिलं होतं त्याने?